अर्धीच उपसलेली तलवार

मी एक जुनी तलवार आहे. घाबरू नका मित्रांनो, मला धार नाही. एका नाटक मंडळीसाठी लोहाराने मला घडवले, तेव्हाच माझे टोक घासून बोथट केले. माझी गोष्ट तुम्हाला आवडेल की नाही, मला शंकाच आहे. पण आता गप्प राहवत नाही.

आमचे नाटक शोकांतिका आहे. राजाने खोटा आरोप ठेवून एका सरदाराचा जीव घेतलेला असतो. सरदाराचा मुलगा सुडाची शपथ घेतो. आणि मग? मग तो विचार करत बसतो! पहिल्या अंकात मला अर्धी उपसतो, "पण हे न्याय्य आहे का?" म्हणतो आणि परत म्यानात ढकलतो. दुसऱ्या अंकातही तेच. ये-जा करून माझी चकाकी गेली. टाळ्या मात्र त्याच्या विचारांना!

मुलाचे काम करणारा नट घरीही तसाच. त्याची बायको आमच्या नाटकात राणी होती. एकदा राजाचे काम करणारे दादा आपली ओळ विसरले आणि नंतर दिग्दर्शकांना म्हणाले, "हिनेच भलतं वाक्य टाकलं, मी काय करणार?" बिचारीची भूमिका गेली. तेव्हापासून ती पडद्यामागे नाटकाच्या कपड्यांना इस्त्री करायची.

"तुम्ही दिग्दर्शकांशी बोलणार आहात की नाही?" ती नवऱ्याला विचारायची.

"बोलतो गं. आजचा प्रयोग होऊ दे."

"मी म्हातारी झाल्यावर बोला. राजमाता तरी होईन."

तो खाली मान घालून माझ्या मुठीचा धागा उसवत बसायचा. मला तर त्याच्या अंगठ्यावर पडावेसे वाटे.

परवा शेवटच्या अंकात दादा पुन्हा ओळ विसरले. विंगेतून ओळ सांगणाऱ्याचा घसा नेमका बसलेला. दिग्दर्शक पहिल्या रांगेत. आमचा नट नुसता गप्प राहिला असता, तरी विसरतो कोण हे सगळ्यांना कळले असते. मी मनात ओरडले, "अरे, आता कर की विचार! हवा तेवढा वेळ घे!"

पण या माणसाने क्षणही दवडला नाही. "महाराज, माझे वडील निर्दोष होते, हेच सांगणार होतात ना?" असे विचारून त्याने दादांना वाट दाखवली. मी कपाळाला हात लावला असता, पण मला दोन्ही नाहीत.

पडदा पडल्यावर बायको म्हणाली, "कशाला वाचवलंत?"

"अगं, घामाने भिजला होता म्हातारा."

"आणि मी कशाने भिजत होते इतके दिवस?"

त्याने मला कमरेवरून सोडवून टेबलावर टाकले. मग दिग्दर्शकांसमोर जाऊन तो दादांना म्हणाला, "दादा, त्या दिवशीही तुम्हीच विसरला होता. तिचा दोष नव्हता. आता तुम्हीच सांगा."

दादांनी मुकुट काढला.

"खरंय," ते म्हणाले. "माझीच ओळ होती. मला लाज वाटली, म्हणून तिचं नाव घेतलं."

बायकोने इस्त्रीचे बटण बंद केले.

या गडबडीत माझी आठवण कोणाला? टेबलावर चहा सांडला होता आणि मी त्यातच पडून आहे. मित्रांनो, कोणी भेटले तर सांगा, मला आजच पुसा. आणि कोणावर खोटा आळ आला असेल, तर तोही पुसायला पुढच्या प्रयोगाची वाट बघू नका. डाग लोखंडावरचा असो की माणसावरचा, दिवसागणिक तो आत उतरत जातो.