नव्या संगणकातला जुना पेंट

मित्रांनो, मला हातात घेऊन बघता येत नाही. मला वजन नाही, वास नाही. तरीही मी जुना आहे आणि अजून कामाचा आहे. संगणक घेतला की त्याच्यासोबत न मागता येतो तो चित्रं काढायचा प्रोग्राम मी. लोक मला पेंट म्हणतात. तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यावर पहिली झोपडी काढली असेल, वर पिवळा गोल काढून त्याला सूर्य म्हटलं असेल आणि नंतर ते मला विसरूनही गेले असतील. त्याचं मला काही वाटत नाही. मला घोर आहे तो दुसराच. माझ्यामागून माझ्याच नावाचे नवे पेंट आले. आज मी ज्या संगणकात राहतो, तिथे मी कायम पाहुणाच आहे. कधी उठवतील, सांगता येत नाही.

माझं खरं आयुष्य सुरू झालं ते २००५ साली, लातूरच्या एका क्लासमध्ये. जिन्याखाली टायपिंगची खोली होती. तिथल्या संगणकात मी होतो आणि त्या संगणकावर समीक्षा बसायची. ती औसा तालुक्यातल्या एका खेड्यातली. त्र्याण्णवच्या भूकंपात घराची दगडी भिंत अंगावर आली, तेव्हा ती आठ वर्षांची होती. जीव वाचला, पण उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. मग ती डाव्या हातानं लिहायला शिकली, टायपिंग शिकली आणि वीस वर्षांची असताना या नोकरीला लागली.

क्लासच्या परीक्षांसाठी आकृत्या काढणं हे तिचं काम. बेडकाचं हृदय, मूत्रपिंड, कप्पी, भिंगातून वाकणारे किरण. माऊस डाव्या हातात, आणि उजव्या हाताचा अंगठा व करंगळी कळफलकावर. माझी हत्यारं पडद्याच्या डाव्या कडेला एकाखाली एक उभी असत. कोणतं कुठे आहे हे तिच्या हाताला इतकं पाठ झालं होतं की ती तिकडे बघतही नसे. सरळ रेघ ओढायची, मग मधेच धरून तिला अलगद वाकवायची. अशा शेकडो वाकवलेल्या रेघांतून तिनं मुखेड, उदगीर, इस्लापूरहून आलेल्या हजारो मुलांना माणसाचं काळीज दाखवलं. क्लासचे मालक श्रीपाद सर स्वतः जीवशास्त्र शिकवत. ते म्हणायचे, "पुस्तकातल्यापेक्षा आपल्या पेपरातली आकृती स्वच्छ असते." कौतुक तिचं होई. मला त्यातलं थोडं आपलं आपण घेता येई.

२०११ साली क्लास वाढला. नांदेडला शाखा निघाली आणि लातूरच्या खोलीत नवे संगणक आले. त्यांच्यात नवा पेंट होता. हत्यारं डावीकडून उठून वर आडवी पसरली होती. समीक्षाचा हात डावीकडे जाई आणि रिकामा परत येई. शिवाय नवा पेंट रेघांच्या कडा मऊ करायचा. पडद्यावर ते देखणं दिसे. पण आत काळा रंग ओतला की कडेला करडी किनार उरे, आणि छापताना तिचे ठिपके पडत.

छपाई महादेवप्पा करायचे. ते उदगीरचे, वयानं मोठे. दोन दिवस त्यांनी ठिपक्यांचे कागद बाजूला टाकले आणि तिसऱ्या दिवशी घेऊन आले. "अक्का, ह्ये काय झालंय? मुलं ठिपक्याला बी नाव द्यायला लागतील."

"मी काय करू अण्णा, नव्यावर हातच बसंना झालाय," समीक्षा म्हणाली.

श्रीपाद सरांच्याही ते लक्षात आलं. ते वाईट नव्हते, पण त्यांना घाई होती. "नांदेडचा ऑपरेटर दिवसाला वीस आकृत्या देतो. रविवारच्या परीक्षेला अकराशे मुलं बसणार आहेत. तुला जमत नसेल तर आकृत्या नांदेडहून मागवतो. तू नुसतं टायपिंग कर."

नुसतं टायपिंग! सात बोटांनी ती कितीसं टाइप करणार? एक दिवस तेही जमत नाही म्हणून सांगितलं जाईल, हे तिला कळत होतं आणि मलाही. त्यात माझा जुना संगणक शुक्रवारी दुकानदार बदल्यात घेऊन जाणार होता.

गुरुवारी दुपारी, सगळे जेवायला गेल्यावर, तिनं मला पेनड्राइव्हवर घेतलं. आधी तिनं मला नव्या पेंटच्या जागेवर ठेवून पाहिलं. संगणकानं ठेवू दिलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. मग तिनं वेगळा फोल्डर केला, माझं नाव बदललं आणि मला तिथे ठेवून उघडलं. क्षणभर काहीच झालं नाही. तो क्षण मी विसरू शकत नाही. मग माझी खिडकी उघडली, हत्यारं डावीकडे, जशीच्या तशी. आजूबाजूचं मला काही ओळखीचं नव्हतं. पण तिनं एक रेघ ओढून वाकवली, आणि ती वाकली.

शनिवारी दुपारपर्यंत तेवीस आकृत्या झाल्या. शेवटची राहिली हृदयाच्या उभ्या छेदाची. आणि तिथेच मी तिला दगा दिला. झडपांचा भाग सरकवताना तिच्याकडून अर्धी महाधमनी पुसली गेली. ते तिच्या ध्यानात येईपर्यंत पुढे आणखी तीन गोष्टी करून झाल्या होत्या. ती अंगठ्यानं आणि करंगळीनं केलेलं एकेक रद्द करत मागे मागे जाऊ लागली. एक, दोन, तीन. चौथ्यांदा मी हललो नाही. मित्रांनो, माझ्या आठवणीत फक्त तीनच पावलं मावतात. आकृती सेव्हही केलेली नव्हती.

महादेवप्पा दारात उभे होते. "त्या नव्यात लई मागं जाता येतं म्हणं."

"हाव अण्णा, जाता येतं." तिनं माऊस माझ्या खिडकीच्या कोपऱ्याकडे नेला. मला वाटलं, आता मला बंद करणार. केलं असतं तर तिचं काही चुकलं नसतं. तिनं पुसलेल्या भागावर पांढरा रंग टाकला आणि महाधमनी नव्यानं काढायला घेतली. या वेळी दर दोन रेघांनी ती सेव्ह करत होती.

शेवटची रेघ पुरी झाली तेवढ्यात श्रीपाद सर आले. त्यांनी पडद्यावर मला पाहिलं. "हे काय? जुनंच आणलंस? असलं बाहेरून टाकलेलं संगणकात ठेवू नको. काढून टाक."

समीक्षा कधी उलट बोलायची नाही. त्या दिवशी बोलली. "सर, आधी कागद बघा. कशावर काढलं ते मुलांना दिसत न्हाई."

महादेवप्पांनी चोवीस आकृत्यांचा नमुना छापून आणला. सरांनी खिशातली पेन्सिल काढली आणि उभ्यानंच एकेक आकृती तपासली. कुठे ठिपका नव्हता. हृदयापाशी ते बराच वेळ थांबले. "महाधमनी पुन्हा काढलीस का?"

"हाव सर."

"मागच्या पेपरातल्यापेक्षा बरी आहे. छापा." जाताना ते दारातून वळले. "आणि ते जुनं... राहू दे."

त्यानंतर क्लासनं तीनदा संगणक बदलले. दर वेळी समीक्षानं मला पेनड्राइव्हवर सोबत नेलं, आणि दर वेळी मी उघडेन की नाही या धास्तीत आम्ही दोघं असायचो. आता तिला नवा पेंटही येतो. रंगीत कामं ती त्याच्यावरच करते. हृदय मात्र माझ्यावर.

मागच्या आठवड्याची गोष्ट. समीक्षा दाराबाहेर जेवायला बसली होती आणि तिच्या जागेवर नवी मुलगी मृण्मयी बसली होती. पडद्यावर सूचना आली की हा प्रोग्राम अनोळखी आहे, काढून टाकायचा का? मृण्मयीनं माऊस 'होय'वर नेला. तिचं काहीच गेलं नसतं. ती मला ओळखत नव्हती. पण तिचं बोट थांबलं.

"ताई," तिनं दाराकडे तोंड करून हाक मारली, "हे जुनं काय आहे? काढू का?"

"नको काढू," डबा खाता खाता समीक्षा म्हणाली. "माझं काम चालू हाय त्यात."

मित्रांनो, नवं जरूर आणा, मी कुणाच्या आड येत नाही. फक्त जुनं काढताना इतकं करा. ज्याचा हात त्याच्यावर बसला आहे, त्याला आधी एक हाक मारा. आणि उत्तर येईपर्यंत थांबा.