रविवारी न रडणारा दगड

सकाळी दहाला आमच्या दारात पाय ठेवायला जागा नसायची. विस्तुला नदीकाठच्या जुन्या शहरातलं हे घर, दाराच्या कमानीवर दगडी तोंड, त्याच्या कपाळावर तीन रेघा आणि गळासारखा एक आकडा. जून कोरडा ठणठणीत, तरी त्या डोळ्यांतून पाणी यायचं. लोक गुडघे टेकायचे. पर्यटकांना शहर दाखवणारा झेनोन आता शिडीवर चढून कुप्या भरायचा.

मी वरच्या मजल्यावर राहते. माझा नवरा तिमोन गेला त्याला अकरा महिने झाले. रोजची जपमाळ, बुधवारी आणि शुक्रवारी नुसता पाव आणि पाणी, नऊ वाजता त्याच्या खिडकीतल्या जिरेनियमच्या कुंड्यांना दोन झाऱ्या पाणी. एवढं करत होते. खालची गर्दी दिसायची. तिचं काही वाटायचं नाही.

त्या सोमवारी धाकटी बहीण ब्रोन्या कुपी घेऊन वर आली. तिला मधुमेह आहे. बोलता बोलता कळलं, दोन दिवस इन्सुलिन बंद, त्याऐवजी हे पाणी. ओठ सुकलेले, श्वासाला पिकल्या फळाचा वास. मी म्हटलं, आधी टोचून घे.

"ताई, एवढे उपास तू करतेस, आणि तुझाच विश्वास नाही?"

मी खाली उतरले.

झेनोन सांगत होता की कपाळावरची ती गुप्त लिपी आहे. जो पिईल तो जगेल, असं तीत लिहिलंय. खरं तर दगड घडवणारे आपापली निशाणी कोरत, तीच ती. तशीच एक आमच्या चर्चच्या पायरीवर आहे, तिथे आम्ही बूट पुसतो. एका म्हातारीनं विचारलं, काल का नाही रडला?

"काल रविवार ना, आजी. प्रभू येशू मरणातून उठला तो वार. त्या दिवशी दगडालासुद्धा रडू येत नाही."

रविवारी मी कुंड्यांना पाणी घालत नाही. रविवारी कसलंच काम करायचं नाही, हा माझा लहानपणापासूनचा नेम.

मी वर गेले. सुपासाठी लसूण घालून आंबवत ठेवलेल्या बीटाच्या पाण्याची बरणी ब्रोन्यासमोर खिडकीतल्या कुंड्यांत रिकामी केली आणि तिला हाताला धरून खाली आणलं. पाव तास गेला. दगडाच्या डोळ्यांतून लाल ओघळ निघाले.

रक्त, रक्त, म्हणत सगळी गर्दी गुडघ्यांवर. झेनोन क्षणभर पांढरा पडला, मग त्यानं हात वर केले. मी त्याच्या हातातली कुपी घेऊन टपकणाऱ्या लाल थेंबांखाली धरली, म्हातारीला दिली आणि चाखायला सांगितलं. तिनं चाखलं.

"लसूण जास्त झालाय," ती म्हणाली.

दोघंतिघं हसली. झेनोन म्हणाला, "बाई, देवाची थट्टा करताय."

"माझ्या खिडकीखाली भिंतीला चीर आहे. पाणी माझ्या कुंड्यांचं आहे. मी झारी घेतली की तुम्ही रोज खालून वर बघायचात."

तो शिडी आवरायला लागला. ब्रोन्या त्या लाल ओघळांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "चल ताई, दवाखान्यात." तिला तिथे पाच दिवस ठेवलं. वाचली.

माझे नेम चालूच आहेत. देवाशी माझं भांडण नाही. पण औषध सोडून कुंडीचं पाणी पिऊ नका. आणि एखादा चमत्कार सुट्टी घेत असेल, तर त्या दिवशी सुट्टीवर कोण असतं, ते आधी बघा.