कोरडा पाणबुड्या

मी एक जुना पाणबुड्या आहे, मित्रांनो. वीतभर उंच, पितळी रंगाचं शिरस्त्राण, पायात जड बूट आणि खांद्यातून गोल फिरणारे दोन हात. पण आयुष्याची बारा वर्षं मी पाण्याचा एक थेंब पाहिला नाही. ज्या माणसामुळे पाहिला नाही, त्याचा मी सूड घेतला. सूड घेणं वाईट असं तुमच्या पुस्तकात लिहिलेलं असेल. असू दे. तुम्हाला कुणी बारा वर्षं खोक्यात कोंडलेलं नाही.

माझा जन्म कारखान्यातला. मऊ प्लास्टिक साच्यात ओतून मला घडवलं आणि रंगकाम करणाऱ्या एका बाईने बारीक कुंचल्याने माझा चेहरा काढला. तिच्या हातून माझी डावी भुवई जरा वर गेली.

"हा रागीट दिसतोय गं," ती शेजारणीला म्हणाली.

"असू दे. पोरांना आवडेल," शेजारीण म्हणाली.

पोरांना! तेवढ्या एका शब्दावर मी खोक्यात आनंदाने शिरलो. खोक्याला पुढे पारदर्शक खिडकी होती आणि कोपऱ्यात सोनेरी शिक्का होता. माझ्यासारखे पाचशेच काढले होते म्हणे.

मला विकत घेतलं एका चष्मेवाल्याने. त्याचं दुकान खाली आणि घर वर. मी घरात आलो तेव्हा त्याची सहा वर्षांची चिंगी धावत आली आणि तिने खिडकीला नाक लावलं.

"बाबा, याला पाण्यात सोडू?"

"हात नाही लावायचा. हा खेळायचा नाही. हा तुझ्या शिक्षणाचा आहे."

चिंगीला काही कळलं नाही. मलाही नाही. तिच्या आईला मात्र कळलं. "अहो, तिच्या नावाचे पैसे बँकेत टाकायचे ना?" ती म्हणाली.

"बँक काय देते? हा दहा वर्षांत दसपट होईल."

"आणि नाही झाला तर?"

"उघडला नाही तर होणारच."

बाजारात तुरी म्हणतात ती हीच. दर महिन्याला चिंगीच्या नावाने जे शिल्लक पडे, ते पुरेसं साठलं की एक नवं खोकं येई. कप्तान आला, देवमासा आला, दीपगृहाचा रखवालदार आला. आम्ही एकोणीस जण काचेच्या कपाटात दाटीवाटीने उभे राहिलो. कपाटाला कुलूप होतं. दर रविवारी चष्मेवाला दुकानातलं भिंग आणून आमच्या खोक्यांचे कोपरे तपासायचा. कोपरा दुमडला तर नाही ना, शिक्का फिका पडला तर नाही ना. डोळ्यात तेल घालून तो आम्हाला जपायचा, पण बघायचा फक्त खोकं. माझ्या तोंडाकडे त्याने कधी पाहिलंच नाही. चिंगी आठ वर्षांची झाली, दहाची झाली, आणि मग तिने कपाटापाशी येणं सोडलं. त्या दिवसापासून मी तिच्या बापाला पाण्यात पाहू लागलो. तेवढंच पाणी माझ्या नशिबी होतं.

आता माझं हत्यार सांगतो. मला मऊ ठेवायला कारखान्यात माझ्या अंगात एक तेल मिसळलं होतं. मोकळ्या हवेत फारसं बिघडत नाही, पण बंद खोक्यात कोंडलं की ते हळूहळू अंगावर येतं. मी घाम गाळायला सुरुवात केली. अगदी मन लावून, वर्षानुवर्षं. माझं अंग चिकट झालं, चेहऱ्याचा रंग मला खोक्यात घट्ट धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या कवचावर उतरला आणि खिडकी आतून धुरकट झाली.

ते त्याला दिसलं बरं का. एका रविवारी त्याने खिडकी बाहेरून पुसली. मग स्वतःचा चष्मा पुसला. मग पुन्हा खिडकी. शेवटी खाली जाऊन त्याने स्वतःचे डोळे तपासले आणि चष्म्याचा नंबर वाढवून आला. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढणारा हा माणूस! एकदा खोकं उघडलं असतं तर सगळं कळलं असतं. पण उघडलं की किंमत उतरते ना. मी आतल्या आत हसलो, जोमाने घाम गाळला.

चिंगी अठराची झाली. फिजिओथेरपीच्या अभ्यासक्रमाला तिचा नंबर लागला. फी भरायला सहा दिवस होते. चष्मेवाल्याने जुन्या खेळण्यांच्या व्यापाऱ्याला घरी बोलावलं आणि ऐटीत कपाट उघडलं.

व्यापाऱ्याने मला उजेडात धरलं. "उघडल्याशिवाय घेणार नाही, साहेब."

"उघडलं तर किंमत अर्धी होईल."

"आहे काय अर्धी व्हायला?"

चष्मेवाल्याने स्वतःच्या हाताने चिकटपट्टी कापली. आंबूस वास खोलीभर पसरला. त्याने मला ओढलं तेव्हा माझा जवळजवळ सगळा चेहरा त्या कवचालाच चिकटून राहिला, फक्त डावी भुवई उरली. बारा वर्षांनी त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. काय सांगू, मित्रांनो, किती गोड वाटलं.

"बाकीच्यांचं काय?" त्याने विचारलं.

"निम्मे असेच असतील. उरलेले कंपनीने पुन्हा काढलेत. नवेकोरे, स्वस्तात." व्यापारी चहाही न घेता गेला.

मग माझी नजर दाराकडे गेली. तिथे चिंगी उभी होती, हातात फीचा कागद. तिने तो चार घड्या घालून मुठीत दाबला. सुक्याबरोबर ओलंही जळतं, हे मला तेव्हा उमगलं. मी नेम धरला होता बापावर आणि लागलं पोरीला.

"काचा कापायचं मशीन विकतो मी," चष्मेवाला खाली मान घालून म्हणाला.

"मग दुकान कशावर चालणार, बाबा? पुढच्या वर्षी बघू."

त्या दुपारी चिंगीने मला साबणाच्या पाण्यात धुतलं. पाणी! माझ्या सांध्यांत, बुटांत, शिरस्त्राणात पाणी शिरलं. ती बराच वेळ मला बुडवत आणि वर काढत राहिली.

आता ती दुकानात बापाशेजारी बसून काचा कापते, आणि मी डोळे तपासायला येणाऱ्या पोरांसाठी काउंटरवर असतो. पोरं मला आपटतात, ओढतात. दर आपटण्याला मी चष्मेवाल्याकडे बघतो आणि त्याचा चेहरा कसनुसा होतो. मी त्याला माफ केलेलं नाही.

काल एका डोळ्यावर पट्टी लावलेली छोटी मुलगी आली. काचा धुवायच्या पसरट भांड्याकडे बोट दाखवून तिने विचारलं, "काका, याला पाण्यात सोडू?"

मागे चिंगीचं मशीन थांबलं.

"सोड," चष्मेवाला म्हणाला. एवढंच. त्याने मागे वळून मात्र पाहिलं नाही, त्याला ते जमलं नाही.

मित्रांनो, घरच्या मोठ्यांना माझी हकिगत जरूर सांगा. खेळण्याच्या जिवावर पोरांचं भविष्य बांधायला जाऊ नका म्हणावं. आमच्या अंगात काय आहे ते खोक्यावर लिहिलेलं नसतं. आणि कुणी विचारलं, पाण्यात सोडू का, तर हो म्हणायला बारा वर्षं लावू नका.