मक्याचा भरडा

ग्रंथपालांच्या निरोप समारंभाला चार माणसं आली होती आणि त्यातली दोघं पुस्तकं परत करायला आली होती. त्यांना त्याचं फारसं वाईट वाटलं नव्हतं. माणसांना ओढून घेणं आपल्याला जमायचं नाही, हे त्यांनी केव्हाच मान्य करून टाकलं होतं. म्हणूनच असेल, मागच्या अंगणातल्या कोंबड्या मूठभर मक्यासाठी एकमेकींना ढकलत त्यांच्याकडे धावत आल्या, तेव्हा ते अगदी विरघळून गेले.

कोंबड्या बायकोच्या. पिल्लं आणण्यापासून त्यांचं दुखलंखुपलं बघण्यापर्यंत सगळं तीच करायची. आता त्या पिल्लंही राहिल्या नव्हत्या आणि अजून अंडीही देत नव्हत्या. अशा वाढत्या तलंगांसाठी तिनं दुकानातून वेगळं खाद्य आणलं होतं. गुडघ्यांमुळे तिला वाकता येत नसे, म्हणून सकाळी खाद्य घालायचं काम ग्रंथपालांकडे आलं.

"दोन मापं भरून घालायची. बाकी काही नाही," तिनं बजावलं होतं.

ते खाद्याचं एकच माप घालत. दुसरं मक्याच्या भरड्याचं. नुसतं खाद्य असलं की कोंबड्या रमतगमत येत. भरडा पडल्याचा आवाज आला की धावत येत.

पुढे कोंबड्यांच्या पाठी उघड्या पडू लागल्या. शेपटीच्या मुळाशी रक्त दिसू लागलं. बायकोनं एक दिवस अंगणात खुर्ची टाकून पहारा दिला आणि काळीला रंगेहाथ पकडलं. चोचीत दुसरीचं पीस होतं. काळी पहिल्यापासून दांडगी, घरात तिला मुकादमीणच म्हणत. तिची रवानगी डाल्याखाली झाली. तरीही बाकीच्यांचं पिसं उपटणं काही थांबलं नाही.

"हिनंच शिकवून ठेवलंय सगळ्यांना," बायको म्हणाली.

ती खाद्याच्या दुकानात विचारायला गेली, तेव्हा पिशवी धरायला ग्रंथपाल बरोबर होते.

"काकू, खाद्यात दुसरं काही मिसळता का? मका, तांदूळ, शिळा पाव?" दुकानदारानं विचारलं. "या वयात अंगावर पिसं भरतात. पिसं म्हणजे निव्वळ प्रोटीन. मक्यानं पोट भरतं, पण प्रोटीन कमी पडतं. मग एकमेकींची उपटून खातात बिचाऱ्या."

"छे हो. आमचे हे घालतात. पुस्तकाचं पान दुमडतानासुद्धा यांचा हात थरथरतो. हे काय मिसळणार?"

दुकानदार हसला. ग्रंथपालही हसले. बोलायची वेळ हीच होती, आणि ते पिशवीचे बंद सरळ करत राहिले.

"मग एखादीची खोडच असते," दुकानदार म्हणाला. "तेवढी काढून टाका."

घरी आल्याबरोबर बायकोनं भावाला फोन लावला. रविवारी ये, एक कोंबडी घेऊन जा, रस्सा चांगला होईल.

दुसऱ्या दिवसापासून ग्रंथपालांनी भरडा बंद केला. दोन्ही मापं खाद्याची, वर लपवून आणलेली चिमूटभर सोयाबीनची पेंड. कोंबड्या येत, भांड्यात मका शोधत, एका डोळ्यानं त्यांच्याकडे बघत आणि पांगत. पण नवी पिसं यायला वेळ लागणार होता, आणि रविवार तोंडावर आला होता. डाल्यात पाणी ठेवताना त्यांना दिसलं की मुकादमिणीची पाठही उघडी आहे. तिचीही कुणीतरी उपटली होती.

"हिला राहू द्यावं का?" त्यांनी बायकोला विचारून पाहिलं.

"तुम्हाला कधीपासून हिचा पुळका?"

"नाही, म्हणजे… स्वभाव बदलतो एखादीचा."

"तुमचा बदलायची वाट बघत म्हातारी झाले मी."

रविवारी मेहुणा दोरी घेऊन आला. त्यानं डालं उचललं आणि मुकादमिणीला पंख धरून पकडलं.

"भावोजी, पाय धरा, मी बांधतो. कादंबरी धरल्यासारखी धरू नका, उडून जाईल."

ग्रंथपालांनी हात पुढे केले नाहीत.

"मका मी घालत होतो," ते म्हणाले. मेहुण्यानं कोंबडी तशीच पुढे धरली होती, म्हणून पुन्हा म्हणाले, "खाद्यात. निम्मा. पहिल्यापासून."

मेहुण्यानं बहिणीकडे पाहिलं.

"दुकानात तुम्ही माझ्या शेजारी उभे होतात," बायको म्हणाली.

"हो."

"मग? कशासाठी करत होतात हे?"

"धावत यायच्या," ग्रंथपाल म्हणाले.

ती ओरडली असती तर त्यांना सोपं गेलं असतं. तिनं भावाला नुसती 'सोड' म्हणून खूण केली. मेहुण्यानं मुकादमिणीला खाली ठेवलं, दोरी खिशात कोंबली आणि चहालाही न थांबता गेला.

संध्याकाळी मुकादमिणीला बाकीच्यांत सोडलं. इतके दिवस ती दूर होती, तिची जागा गेली होती. सगळ्या मिळून तिच्यावर तुटून पडल्या. जी कधी कुणापुढे नमली नव्हती, ती कोपऱ्यात डोकं घालून मार खात राहिली. ग्रंथपालांनी तिला उचलून बाहेर आणलं, तोवर तिचा तुरा फाटला होता.

बायको औषधाची बाटली घेऊन आली. खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली.

"घट्ट धरा," ती म्हणाली. "आता तरी."

त्यांनी धरलं. बोटांखाली मुकादमिणीचं काळीज धडधडत होतं, आणि औषध लावून होईपर्यंत बायकोनं मान वर केली नाही.