ज्ञानेशचा आवाज

लासुर्ण्याच्या फुलाबाईंना मेक्सिको कुठे आहे ते ठाऊक नव्हतं, पण तिथल्या रामिरो नावाच्या नटाची सगळी कारकीर्द त्यांना पाठ होती. आधी तो मालिकांतून प्रेमात पडायचा, मग सिनेमात फौजदार झाला, पुढं पाद्री. त्याच्या तोंडी मराठी आवाज असायचा तो फुलाबाईंच्या लेकाचा, ज्ञानेशचा. बिरोबापुढं ओव्या म्हणून कमावलेला गळा. मधे रामिरोला कामं मिळेनात तेव्हा ज्ञानेश हसून म्हणायचा, "आये, त्याची चूल पेटली तर माझी."

ज्ञानेश जाऊन तीन वर्षं झाली. आणि आज दुपारी फुलाबाई मेथी निवडत असताना टीव्हीवर पिकल्या केसांचा रामिरो बोलला, तो ज्ञानेशच्याच आवाजात.

जुडी हातातून गळाली. "अनिते, ह्यो कोण बोलतोय?"

"मशीन." सुनेनं टीव्हीवरची नजर काढली नाही. "त्यांच्या जुन्या आवाजावरनं बनवलंय. डबिंगच्या कंपनीनं इचारलं, मी व्हय म्हणलं."

"आन् मला कुणी इचारायचं?"

"बायको मी हाय त्यांची."

"सटवे! दहाव्याला कावळा शिवंना, तवा काय बोलले मी? 'ज्ञाना, तुजं काम झालं, मोकळा हो.' मग शिवला त्यो. आन् तू त्याला परत कामाला जुंपलंस?"

"तुमी मोकळं केलं, आत्याबाई. मी न्हाय केलं."

"आत्ताच्या आत्ता बंद करायला सांग त्यास्नी. न्हायतर ह्या घरात एकतर तू ऱ्हाशील, न्हायतर मी."

"मग पिशवी भरा. बारामतीला लेक हाय की तुमची."

टीव्हीला जवळजवळ गाल लावून बसलेली छकुली वळली. बाप गेला तेव्हा ती रांगत होती. "गप बसा की! बाबा बोलत्यात."

"त्यो तुजा बाप न्हाय!"

"मग बाबा कसं बोलायचं? दाखव."

फुलाबाईंनी तोंड उघडलं. पोराचं घरातलं बोलणं आठवू गेल्या, तर कानात येईना दुसरं काही, फक्त ते टीव्हीतलं. मग मेंढरं वळवताना ज्ञानेश जी आरोळी द्यायचा, ती त्यांनी दिली. फाटक्या गळ्यानं, छप्पर हादरेल अशी.

छकुली किंचाळून आईच्या मांडीत शिरली.

अनितानं एका हातानं लेकीला जवळ धरलं, दुसऱ्यानं रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.