कुशाबाची विहीर

"पाणी नाय, तात्या," चांगदेव म्हणाला आणि खाटेवरून उठून रखमाजीच्या वाटेत उभा राहिला.

रखमाजीला आधी ते ऐकूच आलं नसावं. मे महिन्यातला सोमवार, बेल्ह्याच्या बाजाराचा दिवस, आणि सत्तरी ओलांडलेला हा माणूस म्हातारा बैल विकायला तीन कोस पायी निघालेला. बैलाला टेम्पोत दाटीवाटीनं चढवायला त्याचं मन धजलं नव्हतं. बरोबरची बाटली मैलभर मागेच संपली होती. त्यानं कासरा लिंबाला बांधला, उपरण्यानं मान पुसली आणि विहिरीकडे बोट केलं.

"हिर तर निम्म्याच्या वर भरलीया. घोटभर दे की."

"नाय देता यायचं."

"बैलाला तरी?"

"बैलालाबी नाय."

रखमाजी तिथल्याच एका दगडावर टेकला. मग हळू आवाजात म्हणाला, "पंचेचाळीस वर्सं मी हितं पानी पेलो नाय. ते ध्येनात ठिवलंस व्हय?"

चांगदेवनं ते ध्यानात ठेवलं होतंच.

छप्पन्न सालापर्यंत चांगदेवची माणसं गावच्या आडापासून लांब उभी राहायची. कुणाला दया आली तर वरून धार पडायची, नाही आली तर रिकामी घागर घरी. धम्म घेतला आणि चांगदेवचा बाप कुशाबा म्हणाला, आता कुणाच्या दयेचं पाणी नको. आळेफाट्याहून बेल्ह्याला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला त्याचा दीड एकराचा तुकडा होता. तिथे त्यानं भावांना घेऊन विहीर धरली. तीन उन्हाळे काळा पाषाण फोडला. चांगदेव आठ-नऊ वर्षांचा होता, पाटीनं दगड वाहायचा. बत्तीस फुटांवर झरा लागला, पण पहिली घागर कुशाबानं घरी नेली नाही. रस्त्याच्या कडेला रांजण पुरून त्यात ती ओतली, आणि शेजारी जनावरांसाठी दगडी डोण मांडली. ह्या विहिरीवर तहानलेल्याला नाही म्हणायचं नाही, एवढंच तो म्हणाला. भाषण करणं त्याला जमत नव्हतं.

बापामागे चांगदेवनं ते चालवलं. आळेफाट्यावर त्याचं पाण्याच्या जळक्या मोटारींत नवी तार भरायचं दुकान होतं. बाकीचे बाजारात चार पैसे जास्त मिळवायचे तेव्हा हा सोमवारी दुकान बंद ठेवून रांजणापाशी बसायचा. लोक त्याला येडा म्हणायचे आणि त्याचंच पाणी प्यायचे. व्यापारी प्यायले, टेम्पोवाले प्यायले, हळूहळू गावातली तरणी पोरंही प्यायला लागली. रखमाजी मात्र कधी नाही. त्याचे बैल डोणीला तोंड लावून पोट तट्ट होईतो प्यायचे आणि तो स्वतः फिरकीचा तांब्या उघडून घरचं पाणी प्यायचा. चांगदेवनं आग्रह केला की हसून म्हणायचा, तहान नाय रं. मे महिन्यात, भर दुपारी, तहान नाही! बैल बाटत नव्हते, बैलवाला तेवढा बाटत होता. चांगदेवही हसायचा. पण दर सोमवारी ते त्याला लागायचं, आणि एक ना एक दिवस हा माणूस माझ्या बापाच्या विहिरीचं पाणी मागेल, हे त्यानं मनाशी धरून ठेवलं होतं.

विहिरीला दृष्ट लागली ती मात्र बाहेरच्या कुणाची नव्हे. दोन हजार एक साली दारूच्या कुठल्याशा कारखान्याचे टँकर ह्या बाजूला फिरायला लागले. मळीपासून दारू काढल्यावर जे काळंतांबडं पाणी उरतं, जळक्या गुळाच्या वासाचं, ते ह्या टँकरमध्ये असायचं. जीपमधला माणूस सांगायचा की ह्यात पोटॅश आहे, पिकाला अमृत आहे आणि फुकट आहे. फुकट ते पौष्टिक, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. चांगदेवचा मुलगा नवनाथ शेती बघायचा. त्यानं दुकानात येऊन विचारलं, सोडू का रानात? तार गुंडाळता गुंडाळता चांगदेव म्हणाला, सोड. त्या वर्षी कांदा असा आला की शेजारचे बघायला आले. थोडं, भरपूर पाण्यात मिसळून दिलं असतं तर कदाचित काही बिघडलंही नसतं, पण तेवढं सांगायला जीपवाला थांबला नव्हता. पुढच्या खेपेला टँकरवाल्यांनी विचारलं, विहिरीच्या वरच्या अंगाला तुमचा मुरमाचा खड्डा रिकामा आहे, त्यात साठवून ठेवतो, लागेल तसं घ्या. बापलेक दोघंही हो म्हणाले. शेकडो विहिरींत उतरलेला मोटारींचा मिस्तरी चांगदेव, मुरमातून पाणी कुठं जातं हे ज्याला डोळे मिटून सांगता यायचं, तोही हो म्हणाला.

दोन पावसाळ्यांत तो खड्डा विहिरीत उतरला. पाण्याला आधी पिवळी झाक आली. चांगदेव म्हणाला, गाळ असेल. त्यानं उपसा केला, चुना टाकला, ब्लीचिंग पावडर टाकली. बायको रत्ना म्हणाली की डाळ शिजत नाही, तर त्यानं डाळीला नावं ठेवली. बापाची विहीर नासेल हे त्याच्या डोक्यात शिरतच नव्हतं. असे चार महिने गेले, त्यांत त्यानं रांजण भरायचा थांबवला नाही, लोकांना तेच पाणी पाजलं, आणि ही गोष्ट त्याला अजून आतून खाते. मग दोन वर्षांची नात, तेजस्विनी, जुलाबानं पार गळून गेली. नारायणगावला चार दिवस सलाईन लागलं तेव्हा पोर हाती लागली. उपकेंद्रातल्या प्रतिभा सिस्टरनी विहिरीच्या पाण्याची बाटली भरून तपासायला पाठवली. कागद आला, पाणी पिण्यास अयोग्य.

दोष कुणाला द्यायचा? आपलेच दात, आपलेच ओठ. नवनाथ बापाच्या नजरेला नजर देईना. बायकापोरांना घेऊन तो चाकणला कामाला निघून गेला. चांगदेवनं अर्ज करून, खेटे घालून टँकर बंद पाडले. तपासणीला आलेल्या साहेबानं सांगितलं की खड्ड्यातलं सगळं काढा, तळाचा काळा थर खरवडा, उन्हाळ्यात विहीर उपसत राहा, पावसाचं नवं पाणी तिच्यात उतरू द्या. किती वर्षं, असं चांगदेवनं विचारलं. आठ, दहा, नक्की कोण सांगणार, साहेब म्हणाला. चांगदेवनं सगळं केलं. रांजण पालथा घातला, डोण कोरडी केली, पाटी लावली. पण बैलांना वाचता येत नाही आणि तहानलेला माणूस पाटी वाचायला थांबत नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षांची सवय, लोक थेट विहिरीकडेच वळायचे. म्हणून तो अजून दर सोमवारी दुकान बंद ठेवतो. पूर्वी पाणी द्यायला बसायचा, आता न देण्यासाठी बसतो.

रखमाजी दोन वर्षं ह्या रस्त्याला फिरकला नव्हता, आणि कानावर आलेलं त्यानं खरं धरलं नव्हतं. यातलं चांगदेवनं त्याला तुटक तुटक सांगितलं. खड्ड्याला आपणच हो म्हणालो, हे मात्र सगळ्यात आधी सांगितलं. रखमाजीच्या तोंडावर विश्वास दिसेना. तेव्हा चांगदेवनं बादली सोडून पाणी शेंदलं आणि स्टीलच्या पेल्यात ओतून त्याच्यापुढे धरलं. कोऱ्या चहासारखं पाणी होतं.

रखमाजीनं पेला हातात घेतला. तो त्यात बघतच राहिला.

"लई वेळा वाटायचं, तुझ्याकडं घोटभर प्यावं," तो म्हणाला. "थोरली मान्सं व्हती तवर त्यांचा धाक. ती गेली, मंग नुस्ती सवय. अन् मंग तुला तोंड कसं दावावं, ह्येची लाज. आज बाटली सपली तवा बरं वाटलं बग. म्हनलं, आता मागावंच लागंल."

एवढं बोलून त्यानं पेला तोंडाकडे नेला.

चांगदेवनं त्याचं मनगट धरलं. "नगा, तात्या."

"एका घोटानं काय मरत नाय मी."

"माझ्या हातनं नगा."

जन्मभर ज्या घोटाची वाट पाहिली तो त्यानं रखमाजीच्या ओठांपासून काढून घेतला आणि पुन्हा बादलीत ओतला. त्याला रडू आवरेना. बाप गेला तेव्हाही तो इतका रडला नव्हता. रखमाजीनं मनगट सोडवून घेतलं नाही.

थोड्या वेळानं चांगदेवनं खाटेखालून प्लॅस्टिकचा कॅन काढला. त्याचं स्वतःचं दिवसभराचं पाणी होतं ते. पेला दोनदा विसळून त्यानं भरून दिला. रखमाजी एका दमात प्यायला आणि थबकला. जिभेला ओळख पटली होती.

"ह्ये तर आमच्या आडाचं."

"व्हय. आता वस्तीला नळ तितूनच हाय."

रखमाजीनं मान हलवली. उरलेलं पाणी चांगदेवनं घमेल्यात ओतलं आणि बैलापुढे ठेवलं. बैल पीत असताना दोघंही तिकडेच बघत उभे होते. मग कासरा सोडता सोडता रखमाजीनं विचारलं, "तुमच्या हिरीचं पानी कसं लागायचं रं?"

चांगदेवनं आयुष्यभर लोकांच्या विहिरींचं पाणी जिभेवर घेऊन सांगितलं होतं, हे मचूळ, हे जड, हे खारं. आता त्यानं खूप आठवून पाहिलं.

"गार व्हतं," तो म्हणाला.

रखमाजी बैल घेऊन बेल्ह्याच्या रस्त्याला लागला. मागून दोन मेंढरंवाले येत होते, ते रस्ता सोडून विहिरीकडे वळले. चांगदेव पुन्हा उठला आणि त्यांच्या वाटेत जाऊन उभा राहिला.