फ्लॉपीतली हलगी

आमचे वडील, अप्पा, गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात मी, आई आणि माझा धाकटा भाऊ सम्राट नगरला ऑक्टोपॅड घ्यायला गेलो. सुप्याला आमच्या दोन खोल्यांची एक भिंत शेजाऱ्यांशी सामाईक होती. शेजारचे दोघे भाऊ कंपनीत रात्रपाळी करून दिवसभर झोपत, आणि सम्राटच्या ढोलकीवरून भांडणं होत. गोरक्षनाथच्या गायन पार्टीत त्याला घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं, पण सरावाला जागा नव्हती. ऑक्टोपॅडला हेडफोन लावता येतो. वाजवणाऱ्यालाच तेवढं ऐकू येतं. अप्पांच्या फंडाचे पैसे आले होते. आई स्वतःच म्हणाली होती, "घिऊन टाका. पोराच्या हाताला काम लागू द्या."

पैसे माझ्या पर्समध्ये होते.

दुकानदार जॉर्ज चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. गोरक्षनाथनेच त्याचं नाव सुचवलं होतं. त्याने काउंटरवर दोन ऑक्टोपॅड मांडले. रबराचे चौकोन, प्रत्येकावर वेगळा आवाज. पहिल्यात कंपनीने भरून दिलेलेच आवाज होते. दुसरा मुंबईहून आलेला, वापरलेला. त्याच्या जोडीला एक पेटी होती; तिच्यात आपल्याला हवा तो आवाज माईकवर भरायचा आणि फ्लॉपीत ठेवायचा.

"ढोलकी, संबळ, टाळ्या, सगळं भरलंय मी," जॉर्ज म्हणाला. "आणि ही हलगी. ऐका."

त्याने काठी मारली. स्पीकर चालू होता. आवाज दुकानभर झाला आणि स्टुलावर बसलेली आई उभी राहिली.

"बंद करा ते."

"मोठा झाला का, मावशी? कमी करतो."

"कमी नगं. बंद."

जॉर्जने बटण दाबलं. तो गोंधळला होता. "अहो, गोरक्षनाथने मुद्दाम भरून घेतलीय. तुमच्याच गावच्या पाटलांकडचं लग्न ना? हलगी पाहिजेच अशी अट आहे त्यांची."

मी सम्राटकडे पाहिलं. तो पेटीची बटणं बघत होता.

"तुला माहीत होतं?"

"ताई, घरी बोलू."

"पैसे इथं द्यायचेत. इथंच बोल."

कर्जतकडच्या आमच्या गावात आजोबा आणि अप्पा पाटलांच्या दारात हलगी वाजवत. लग्न असो, मयत असो, सांगावा आला की जायचं. छप्पन साली धम्म घेतला आणि अप्पांनी ते काम सोडलं. सम्राटला ढोलकी त्यांनी स्वतः आणून दिली होती. हलगीचं नाव मात्र घरात निघत नसे. आम्ही कधी विचारलं नाही, आणि आता विचारायला ते नव्हते.

"आई, हे कानाला लावलं की बाहेर काही येत नाही," सम्राट म्हणाला. "तुला कळणारसुद्धा नाही."

"मला ठावं असंल ना. तुझ्या बापानं तिचं कडं मोडून चुलीत घातलं. त्या जाळावर मी भाकरी भाजल्या. नवी नवरी हुते. सासू रडत हुती, आता खायाचं काय म्हून. आन तू त्याच्याच पैशानं ती परत आन. जा, नाच पाटलाच्या दारात."

"नाचायला नाही चाललो. स्टेजवर बसून वाजवणार."

"पाट मांडून ठिवलाय व्हय पाटलानं तुझ्यासाठी?"

जॉर्जला हसू आलं, पण आमचे चेहरे बघून त्याने ते आवरलं.

सम्राटचा आवाज चढला. "आजोबांना सांगावा यायचा. मला सुपारी आलीय. त्यांना नाही म्हणता येत नव्हतं. मला येतं."

"येतं?" मी विचारलं.

"येतं."

"मग म्हण. फोन समोर आहे."

मी काय मागत होते ते मला कळत होतं. त्यालाही कळलं. जॉर्जने फोन पुढे सरकवला आणि कपाटाची काच पुसायला लागला.

"गोरखभाऊ, सम्राट बोलतोय. पाटलांच्या लग्नाला मी येणार नाही... तब्येत बरी आहे. हलगी वाजवायला हरकत नाही हो. तिथं वाजवणार नाही... का म्हणजे? माझ्या आजोबांचं नाव गावात कोणालाही विचारा."

पलीकडचा चढलेला आवाज आमच्यापर्यंत येत होता, शब्द कळत नव्हते. मग "बरं" म्हणून सम्राटने फोन ठेवला.

"दुसरा माणूस बघतो म्हणाला. या लग्नापुरता नाही. कायमचा."

आई स्टुलावर बसली.

"मग पहिला बांधू का, ताई?" जॉर्जने हळूच विचारलं. "स्वस्त पडेल."

"दुसरा," मी म्हणाले.

"फ्लॉपीतनं हलगी काढू?"

सम्राटने कपाळावरचा घाम पुसला. "राहू द्या. मला शिकायचीय."

मला वाटलं, आई आता उठून एसटी स्टँडवर निघून जाईल. ती दुकानाच्या पायऱ्यांकडे बघत बसली होती.

"मी घरात असताना न्हाई," ती म्हणाली.

"कानाला लावून?"

"कानाला लावून बी न्हाई. बाजारच्या दिशी मी घरात नसते. तवा वाजीव."

"बरं."

"आन मी आल्यावर इचारायचं न्हाई, आई ऐकतीस का म्हून."

"नाही विचारणार."

मी पर्स उघडली.